माझ्या गेजवरचे ऐंशी पौंड

४ फेब्रुवारी, रविवार

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, क्रमाने:

कोळशावर चालणारे इंजिन एक, लांबी एक मीटर बारा सेंटिमीटर. त्याची सहा चाके (ओतून आणली, पण लाकडी साचे माझे). सिलिंडर दोन. तांब्याचा बॉयलर, चांदीचा डाख देऊन जोडलेला. त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांना एकमेकांशी धरून ठेवणाऱ्या खुंट्या अठ्ठेचाळीस. शिट्टी. वाफेचा दाब दाखवणारे गेज, म्हणजे डबी विकतची, पण तबकडीवरचे आकडे माझे. ते गेज तपासायचे यंत्र, तेही माझे. माणसे बसायचे डबे दोन. पाणी भरायचा हातपंप. बायकोच्या शिवणयंत्राचे चाक. माळ्यावर चढायची शिडी, जिची एकही पायरी अकरा वर्षांत हललेली नाही. हे सगळे कुठल्याही शाळेत न जाता.

ही यादी आज करावीशी वाटली, कारण सभेत मला विचारण्यात आले की कुणाचाही शिक्का नसताना माझे इंजिन चांगले आहे हे मी कशावरून म्हणतो. विचारणारा बँकवाला. स्वतःच्या इंजिनाचे अर्धे भाग त्याने पार्सलने मागवले आहेत.

आमचा क्लब वाफेच्या छोट्या गाड्यांचा. इंजिने गुडघ्याएवढी, पण कोळसा खरा, पाणी खरे, वाफ खरी. मागच्या बुटक्या डब्यांवर माणसे घोड्यावर बसल्यासारखी बसतात आणि पाण्याच्या जुन्या टाकीमागच्या जागेत चारशे अठरा मीटरचा फेरा मारून येतात. क्लबची वर्गणी वर्षाला तीनशे. देशभरातल्या अशा क्लबांचा एक महासंघ आहे, त्याची वेगळी बाराशे. ती आजवर ज्याने त्याने मर्जीने भरायची. मी नऊ वर्षांत एकदाही भरलेली नाही. आज अध्यक्षांनी जाहीर केले की एक एप्रिलपासून महासंघाचा सभासद नसेल त्याचे इंजिन रुळावर चढणार नाही.

अध्यक्ष म्हणजे दातवाले डॉक्टर. दवाखाना मुलाच्या गळ्यात घालून आता शेडमध्येच पडीक असतात. मी उभा राहिलो आणि विचारले, बाराशेत मला नेमके काय मिळणार. त्यांनी ऐकून घेतले, समोरच्याचे तोंड उघडे असताना ऐकतात तसे, घाई न करता. मग म्हणाले, “मिलिमीटर, तुम्हीच लिहा की. तीनशेत काय मिळतं, बाराशेत काय मिळतं, एक पान. भांडणाऱ्या माणसानं लिहिलं की लोक खरं मानतात.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिलिमीटर हे माझे क्लबातले नाव. टोमणा म्हणून ठेवले होते, मी पदवी म्हणून वापरतो.

लिहीन. अगदी मोजून लिहीन.

७ फेब्रुवारी, बुधवार

तीनशेचा रकाना एका बैठकीत झाला. शेडची किल्ली. लेथ, मंगळवार आणि शनिवार. रूळ. कोळसा घाऊक भावाने. नकाशांचे कपाट. चहा धरावा की नाही यावर अडलो. चहा क्लबचा, पण साखर सभासद आळीपाळीने आणतात. धरला नाही.

बाराशेचा रकाना. महासंघाचे मासिक, जे वर्षातून सहाच वेळा निघते. बँकवाल्याकडून सहाही अंक आणून पाने मोजली. एकूण दोनशे सोळा. जाहिराती चौऱ्याऐंशी. कुणीतरी कुणालातरी शाल पांघरवतो आहे असे फोटो असलेली पाने एकोणीस. उरली एकशे तेरा. पुढे विमा, म्हणजे आपल्या गाडीने कुणाला इजा झाली तर. सहा वर्षांत माझ्या गाडीने कुणाच्या पायजम्यालाही डाग पाडलेला नाही. आणि वर्षातून एकदा बॉयलर तपासनीस. म्हणजे मी बनवलेली वस्तू बाहेरचा माणूस येऊन बघणार आणि ती नीट बनली आहे असे मलाच सांगणार.

बायकोला वाचून दाखवले. ती काजे करत होती. म्हणाली, “लिफ्टचा तपासनीस येऊन गेला की तुम्हीच घरी येऊन सांगता ना, बरं झालं, आता लोक निर्धास्त चढतील?”

मी गेली सत्तावीस वर्षे लिफ्ट दुरुस्त करतो. तिला समजावले की ती गोष्ट वेगळी, लिफ्ट काही मी बनवलेली नसते. तिने दोऱ्याचे टोक दातांनी तोडले आणि दुसरे काज घेतले.

११ फेब्रुवारी, रविवार

गाड्या चालवायचा दिवस. माझ्या इंजिनाने सहा डबे ओढले, चौदा मोठी माणसे, चढावर एकदाही न अडखळता. बँकवाल्याचे इंजिन तीन डब्यांना दमते. दोघांचा आकार एक, सिलिंडर एकाच मापाचे, दोघेही ऐंशी पौंडांच्या दाबावर चालवतो. फरक कशाचा, तर हातांचा. हे मी तोंडाने बोललो नाही. डबे जोडताना मोठ्याने मोजले, एवढेच.

दातवाले माझ्या गेजसमोर उकिडवे बसून बराच वेळ बघत होते. म्हणाले, आकडे सुंदर काढलेत. मग म्हणाले, दोन दिवस घरी न्यायला द्याल का, नातवाला दाखवीन. मी म्हटले, नातवाला इथे आणा. गेज म्हणजे काही चमचा नव्हे, उसना द्यायला. असे त्यांनी मागण्याची ही तिसरी वेळ.

एक गोष्ट खुपते. मुलांना नेहमी बँकवाल्याच्या गाडीवर बसवतात. आजही. रांगेत माझी गाडी पुढे असली तरी कुणीतरी पोरांना हळूच बाजूला घेते, म्हणते, तुम्ही त्या हिरव्या इंजिनावर. माझे काळे आहे, म्हणून असेल. पोरांना रंग लागतो. पुढच्या वर्षी बाजूला तांबडी रेघ ओढावी का, विचार चालू आहे.

शिट्टीचे मात्र सगळे नाव काढतात. इतरांच्या शिट्ट्या हंबरतात, माझी कापत जाते. घरापर्यंत ऐकू येते. बायको म्हणते, टोचते.

दुपारी एक हॉटेलवाला आला होता. गावाबाहेर त्याचे बागेचे हॉटेल आहे. सहा डब्यांमागे फेरीभर चालत आला, धापा टाकत, बूट मातीत. विचारले, हे विकता का? मी हसलो. त्याने आकडा सांगितला. मी पुन्हा हसलो, पण आधीइतके नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

पानाचा तिसरा खर्डा फाडला. तीनशेचा रकाना भरगच्च आणि बाराशेचा उपाशी दिसतो. मला पटते तेच कागदावर आले आहे, तरी वाचताना कुणीतरी माझ्या खांद्यावरून बघत असल्यासारखे वाटते. दिवसभर शेडमध्ये येरझाऱ्या घातल्या. लेथपाशी बसलो, उठलो, दोनदा एकाच खिळ्याचे माप घेतले.

मुलीचा फोन आला. तीन मार्चला क्लबचा खुला दिवस, बाहेरची माणसे येतात, तेव्हा ती नातीला घेऊन येणार आहे. नात चार वर्षांची. मी फोनवरच तिला सांगून टाकले की आजोबांच्या इंजिनामागे पहिली जागा तिची. तिने विचारले, शिट्टी मी वाजवू? मी म्हटले, तूच.

बायको म्हणाली, ती माझ्याजवळ बाकावर बसेल आणि तुम्हाला हात करील. मी म्हटले, का? म्हणाली, ऊन लागतं. मी म्हटले, बाकावर काय चांदणं असतं? त्यावर तिने पदर खोचला आणि ओट्याकडे तोंड केले. गेल्या वर्षी सर्दी होती, त्याच्या आधी नवे कपडे होते. मला यातले राजकारण कळत नाही. सहा वर्षांत ही बाई स्वतः एकदाही माझ्या डब्यावर बसलेली नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

दातवाल्यांनी निरोप पाठवला, रविवारी महासंघाच्या तपासनीस येत आहेत. दरवर्षी एप्रिलअखेर येतात, यंदा दोन महिने आधीच. महासंघाचे वेळापत्रक किती ढिसाळ ते पानावर लिहिण्यासारखे आहे. निरोपात पुढे असे की तपासणी आहेच, तर तुमचेही इंजिन आणा, वर्गणीचे मागून बघू.

आधी नाही म्हणणार होतो. मग विचार केला, नेतोच. सगळ्यांसमोर तपासू दे. एकही ठिपका सापडला नाही की बाराशेच्या रकान्यात लिहीन: जे तुम्हाला आधीच माहीत आहे ते.

बॉयलर तीनदा धुतला. पितळ पुसले. गेजची काच व्हिनेगरने.

२५ फेब्रुवारी, रविवार

जसे झाले तसे लिहितो.

तपासनीस बाई साठीच्या आहेत, केस आखूड, हातात कापडी पिशवी आणि एक लाकडी पेटी. बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षे काढलेली. फार बोलत नाहीत. बँकवाल्याचे इंजिन आधी घेतले. तपासणी थंडच करतात, विस्तव नाही, वाफ नाही. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा आणि हातपंपाने दाब चढवायचा. त्याचे वीस मिनिटांत पास झाले. त्याने माझ्याकडे बघून मिशीवर हात फिरवला, आणि त्याला मिशी नाही.

मग माझे. बाईंनी पेटी उघडली. आत लोकरीच्या कापडात गुंडाळलेले मोठे गेज, त्याला दोऱ्याने बांधलेला कागद. ते आणि माझे, दोन्ही एकाच नळीवर लावले. मला म्हणाल्या, तुमच्या गेजवर ऐंशी दिसेपर्यंत पंप मारा. मी मारला. माझा काटा ऐंशीवर आला. त्यांचा एकशे पंधरावर.

मी म्हटले, तुमचे बिघडलेले आहे. प्रवासात धक्का बसला असेल.

त्या म्हणाल्या, असेल. पिशवीतून दुसरे गेज काढले, लहान, वेगळ्या कंपनीचे. तेही लावले. एकशे पंधरा.

शेडमध्ये सात-आठ जण होते. मी विचारले, तुमच्या गेजला कुणी तपासले? त्यांनी दोऱ्याचा कागद वाचून दाखवला, प्रयोगशाळा, तारीख, सही. मी म्हटले, आणि त्या प्रयोगशाळेला? म्हणाल्या, त्यांच्या वरच्यांनी, दर वर्षी. मग अगदी साध्या आवाजात विचारले, “तुमचं कुणी तपासलं?”

“मी.”

“कशावर?”

“तपासायचं यंत्र आहे माझ्याकडं.”

“ते कुणी बनवलं?”

त्या हसल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठीवर काहीतरी टिपले.

पुढे त्यांनी टॉर्च घेऊन बॉयलरच्या पोटात पाहिले. मग पोलादी पट्टी बाजूच्या पत्र्यावर उभी धरली आणि मला बोलावले. पट्टी आणि पत्रा यांच्यात खुंट्यांपाशी उजेड होता. दोन खुंट्यांच्या मध्ये नव्हता. म्हणजे पत्रा खुंट्यांच्या मधून बाहेर आला होता, उशीसारखा. त्यांनी मापपट्टीच्या पात्या सरकवून बघितल्या. दीड मिलिमीटर.

मिलिमीटर हा शब्द त्या शेडमध्ये इतक्या हळू कधी कुणी उच्चारला नव्हता.

मी म्हटले, सहा वर्षे धरून आहे. त्या म्हणाल्या, “धरलंय, खरंय. अजून किती धरेल ते मला सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही.” सही केली नाही.

दातवाल्यांनी चहा ओतला आणि कप माझ्यापुढे धरला. मी इंजिन उचलून गाडीत घातले. एरवी ते उचलायला दोघे लागतात. कप तसाच राहिला.

२६ फेब्रुवारी, सोमवार

कामावर गेलो नाही. सकाळी सहापासून जुन्या वह्या काढून बसलो आहे, बाईंची चूक शोधायला.

गेज तपासायचे यंत्र सोपे आहे. तेल भरलेली उभी नळी, तिच्यात दट्ट्या, दट्ट्यावर वजने. अमुक जाडीच्या दट्ट्यावर अमुक वजन ठेवले की तेलात अमुक दाब तयार होतो, तो गेजवर घालायचा आणि काटा जिथे थांबेल तिथे आकडा लिहायचा.

पान एकसष्ट: दट्ट्या बारा मिलिमीटर. खाली वजनांचा तक्ता, लाल शाईने चौकट.

पान चौसष्ट: दट्ट्या अडकतो. नळीत पितळेची आतली नळी ठोकली. दट्ट्या कातून दहा मिलिमीटर केला. आता लोण्यासारखा सरकतो.

पान पासष्ट: तबकडी आखली. उत्तम.

मध्ये तक्ता नाही. पुढची मागची सगळी पाने पाहिली, मलपृष्ठाच्या आतली बाजूसुद्धा. बारीक दट्ट्यासाठी तक्ता मी पुन्हा मांडलाच नाही. वजने जुन्या दट्ट्याची, दट्ट्या नवा. बारा गुणिले बारा, भागिले दहा गुणिले दहा. एकशे चव्वेचाळीसला शंभर. ऐंशी लिहिले तिथे एकशे पंधरा होते. तीन वेळा गुणाकार केला, एकदा बोटांवर.

सगळे लिहिलेले आहे, माझ्याच अक्षरात, तीन पानांच्या अंतरावर. मी कधी उलटून बघितले नाही, कारण मी केलेले होते.

आणखी वाईट पुढे. बॉयलर तयार झाला तेव्हा नियमाप्रमाणे मी दुप्पट दाबावर तपासला, एकशे साठ. म्हणजे खरे दोनशे तीस. पत्रा त्याच दिवशी फुगला असणार. शेजारी लिहिले आहे: एकही थेंब गळला नाही, समाधान.

सहा डबे. चौदा माणसे. ते हातांचे नव्हते तर.

बायको दुपारी चहा घेऊन आली, वह्यांच्या पसाऱ्याकडे बघत उभी राहिली. मी सांगितले. सगळे, पान क्रमांकासह. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “मला तुमचे आकडे कळत नाहीत हो. पण बाकीच्यांच्या शिट्ट्या एका सुरात येतात आणि तुमची तिथून वर असते. दरवेळी वाटायचं, आत कुणीतरी जास्त जोरानं फुंकतंय.”

मी विचारले, सहा वर्षांत बोलली का नाहीस?

म्हणाली, “बोलले. तुम्ही म्हणालात, कान तपासून घे.”

आठवत नाही. म्हणालो असेन.

२८ फेब्रुवारी, बुधवार

हॉटेलवाला आज कामाच्या ठिकाणी शोधत आला. मी लिफ्टच्या खड्ड्यात होतो, तो वर कडेला बसला आणि आकडा खाली सांगितला. दुप्पटीच्या जवळ. त्याला एप्रिलमध्ये बागेत रूळ टाकायचे आहेत, वाढदिवसाच्या पोरांसाठी. क्लबात काहीतरी झाल्याचे त्याच्या कानावर आले आहे, पण नेमके काय ते माहीत नाही, आणि विचारलेही नाही. म्हणाला, “बाग माझी, फाटक माझं. तिथं कोणाचा महासंघ न् कोणाची सही?”

मी उद्या सांगतो म्हटले. हे लिहायलाच हवे. नाही म्हटले नाही, उद्या सांगतो म्हटले.

तेव्हापासून जागेवर बसवत नाही. जिना चढलो, उतरलो, पाना वर विसरलो म्हणून परत चढलो. पाना खिशात होता. मनात जे आले ते असे. त्याला खरे सांगेन, सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे जादा वाफ सोडणारी झडप, कमी दाबावर लावून देईन, माझ्या गेजवर पंचावन्नच्या, म्हणजे खऱ्या ऐंशीच्या पुढे जायचे नाही असे कागदावर लिहून देईन. मग कुणाचे काय जाते? सहा वर्षे धरले आहे. मुलीच्या घराचे हप्ते आहेत. आणि क्लबात ते फुगलेले पोट कुणाला पुन्हा बघावे लागणार नाही, मला तर नाहीच.

हे सगळे सरळ रेषेत लागले होते. मग एक गोष्ट आडवी आली. त्याने सहा डबे पाहिले आहेत. पंचावन्नवर ते इंजिन तीन ओढेल. तो सहाच जोडणार, आणि जो कोणी पोऱ्या तो चालवायला ठेवील तो व्हॉल्व्हचा स्क्रू आवळणार. मीही आवळला असता.

१ मार्च, शुक्रवार

दातवाल्यांच्या घरी गेलो. दारातच विचारले, मुलांना बँकवाल्याच्या गाडीवर बसवायचा ठराव कधी झाला?

त्यांनी आधी आत या म्हटले. मग खुर्ची दिली. मग म्हणाले, ठराव नव्हता, सवय पडली. एकाने केलं, मग सगळे करू लागले. मी म्हटले, मला सांगायचे. ते म्हणाले, “मिलिमीटर, चाळीस वर्षं मी लोकांना सांगतोय, दात किडलाय. अर्धे दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. तुम्ही दुसऱ्या क्लबात गेला असतात. मग बघणारं कोण होतं तुमच्याकडं?”

आमच्या गावाजवळ दुसरा क्लब नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. ते म्हणाले, हो, तेही आहेच.

बाराशे भरले. पावती तिरकी फाडली त्यांनी.

३ मार्च, रविवार

खुला दिवस. मी फाटकापाशी होतो, लाल-हिरवा झेंडा आणि तिकिटे. मुद्दाम मागून घेतले, म्हणजे कुणी दया म्हणून दिले असे व्हायला नको.

नात आली. चौफेर बघून विचारले, आजोबा, तुमचं इंजिन कुठंय? मी म्हटले, पोट बिघडलंय त्याचं. ती म्हणाली, काय खाल्लं? आता चार वर्षांच्या पोरीला काय सांगणार. म्हटले, झेपेल त्यापेक्षा जास्त. तिला पटले.

बँकवाल्याने तिला पहिल्या जागेवर घेतले आणि शिट्टीची दोरी हातात दिली. हे त्याला सांगायची गरज पडली नाही, त्याने आपण होऊन केले. मी त्याला एक बारीकसा सल्ला दिला, उजव्या सिलिंडरला तेल कमी पडते आहे. त्याने मानला.

तिच्यामागच्या डब्यावर बायको बसली. साडी सावरून, दोन्ही हातांनी दांडी धरून, थेट समोर बघत. मी हिरवा झेंडा दाखवायचा विसरलो. गाडी तशीच गेली. सबंध फेरा हंबरणारी शिट्टी ऐकू येत होती, कारण नातीने दोरी सोडलीच नाही.

चार वाजता माझे पान वाचले. तीनशेत: किल्ली, लेथ, रूळ, कोळसा, कपाट आणि (दुरुस्ती करून) चहा. बाराशेत: वर्षातून एकदा लाकडी पेटीतले गेज. इतर बाबी मागील पानावर. बँकवाल्याने हरकत घेतली की मासिक पहिले हवे, देखणे आहे. मतदान झाले. मासिक मागेच राहिले, अकरा विरुद्ध सात. एक सभासद बाहेर पोरांना पाणी देत होता.

तपासनीस बाईंना पत्र टाकले आहे. गेज तपासायच्या यंत्राचा नवा तक्ता मांडून सोबत जोडला. बघून चूक असेल तर कळवावे, अशी विनंती केली. विनंती हा शब्द दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा राहू दिला.

५ मार्च, मंगळवार

लेथचा वार. बॉयलर इंजिनातून सोडवून शेडमध्ये नेला आणि आडवा करवतीने कापला. दुरुस्त होईल का, बाईंना विचारले असते तर कदाचित हो म्हणाल्या असत्या. मला तो पुन्हा बनवायचा आहे, डागडुजी नको. दातवाल्यांनी दुसरे टोक धरले. त्यांचा हात अजून स्थिर आहे, मानले पाहिजे. तांबे चिवट असते, पाती अडकते. तीन पात्या मोडल्या, वेळ दोन तास दहा मिनिटे. कापल्यावर आतून दिसले: अठ्ठेचाळीसपैकी तीन खुंट्या मुळाशी केसाएवढ्या तडकलेल्या. चांदीचा डाख मात्र सगळीकडे पूर्ण भरलेला, एकही पोकळी नाही. ते दातवाल्यांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बघितले आणि म्हणाले, काम सुंदर आहे. या वेळी त्यांनी उसने मागितले नाही.

एक अर्धा कपाटावर ठेवला आहे, नव्या सभासदांना दिसेल असा, पट्टी लावून. दुसरा घरी आणला. नवा बॉयलर याच तांब्याच्या मापाने सुरू करीन, सत्तर-ऐंशी रविवार लागतील. तो पूर्ण व्हायच्या आधी बाई दोनदा येऊन जातील, तसे कबूल केले आहे.

मी शेडमधून निघताना हॉटेलवाला फाटकापाशी उभा होता, बुधवारचे राहिलेले उत्तर घ्यायला. पाठीमागे बॉयलर नसलेले इंजिन गाडीत होते, वर चादर. त्याला वाटले सगळे आत आहे. त्याने शेवटचा आकडा सांगितला, पुडके खिशातून अर्धे बाहेर काढून. मी चादर वर केली आणि त्याला दाखवले. तो म्हणाला, “अहो, हे काय केलंत? मला तसंच चाललं असतं.”

नोंद राहावी म्हणून लिहितो. इंजिन जसे होते तसे, बॉयलर, शिट्टी आणि माझ्या गेजसकट. कागद नको, सही नको, तपासणी नको. तीन लाख ऐंशी हजार. मी नाही म्हटले.